पिवळ्या गळ्याची चिमणी

मुंबईच्या खेतवाडी भागात विसाव्या शतकाच्या आरंभी अमिरुद्दीन तय्यबजी नावाचे एक गृहस्थ राहत असत. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. परंतु त्यांचे घर मुलांनी सदैव गजबजलेले असे. त्यांची बहीण झीनत-उन-निसा व मेहुणे मोइझुद्दीन हे दोघेही अकाली वारले होते. त्यांची सारी पोरकी मुले अमिरुद्दीन व त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी मायेने आपल्या पंखाखाली घेतली होती. या भावंडांतील सर्वांत धाकटा म्हणजे सलीम. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. तो एक वर्षाचा असताना वडील गेले व तीन वर्षांचा असताना आई गेली. आईबापांचे चेहरेही त्याला आठवत नसत. त्याला आईबाप ठाऊक होते ते मामा आणि मामी यांच्याच रूपाने.

मामा हौशी शिकारी होते. त्या काळी सुखवस्तू घराण्यांत शिकार हा पुरुषाला साजेसा छंद मानला जाई. तेव्हा मामांच्या घरी वाढणाऱ्या सलीमलाही थोर शिकारी व्हावेसे वाटले, तर त्यात नवल नव्हते. त्याच्या हाती छऱ्यांची एक लहानशी बंदूक आली आणि घराच्या आसपासच्या चिमण्यांचे दिवस फिरले.

याच दिवसांतील एक नोंद सलीमने आपल्या वहीत करून ठेवली होती. घराच्या तबेल्यात भिंतीतील एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर एका खुंटीवर बसून पहारा करी. सलीमने गाडीच्या आडून नेम धरून त्या नराला मारले. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्या खुंटीवर बसला. त्यालाही सलीमने टिपले. मग तिसरा आला. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर त्या एकाच खुंटीवरून खाली पडले. तरी प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळतच गेला.

ही हकीकत वाचताना वाचकाच्या मनाला वाईट वाटल्यावाचून राहत नाही, आणि ते वाटलेच पाहिजे. परंतु त्या नोंदीत आणखीही काही आहे. शिकाऱ्याची पोरे किती पक्षी पाडले एवढेच मोजतात. या पोराने मात्र मादी कोठे बसते, नर कोठे बसतो, एक गेल्यावर दुसरा किती वेळाने येतो, हेही टिपून ठेवले होते. बंदूक धरणाऱ्या त्याच हातात पेन्सिलही होती. पुढे साठ वर्षांनी ही बालपणीची नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली, ती तिच्यातील निरीक्षणाच्या मोलामुळे.

१९०८ सालच्या सुमारास सलीमने असाच एक पक्षी टिपला. तो त्या वेळी दहाबारा वर्षांचा असेल. पक्षी चिमणीएवढा होता, ठेवणही चिमणीचीच होती. पण जवळ जाऊन तो हातात घेताच सलीम थबकला. त्याच्या गळ्यावर हळदीचा डाग पडावा तसा एक पिवळा ठिपका होता. घरच्या चिमण्यांपैकी एकीच्याही गळ्यावर असा ठिपका त्याने पाहिला नव्हता. धर्माच्या नियमानुसार चिमणी खाण्यास हरकत नव्हती. पण ही खरोखर चिमणीच आहे काय? की कोणी वेगळाच पक्षी आहे? स्वयंपाकघराकडे जाण्याऐवजी तो मामांकडे गेला आणि त्याने तो पक्षी त्यांच्यापुढे धरला.

अमिरुद्दीन यांनी पक्षी उलटसुलट करून पाहिला. त्यांनाही त्याचे नाव सांगता येईना. असल्या वेळी मोठी माणसे पुष्कळदा काहीतरी ठोकून देतात, किंवा चिमण्या त्या चिमण्याच असे म्हणून पोराला वाटेला लावतात. मामांनी तसे केले नाही. मुंबईत निसर्गाचा अभ्यास करणारी एक संस्था होती व ते तिचे सभासद होते. त्या संस्थेच्या सचिवांच्या नावे त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि ती भाच्याच्या हाती देऊन त्याला तिकडे पाठविले.

ही संस्था म्हणजे 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'. १८८३ साली मुंबईतील आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी तिची स्थापना केली होती. त्या आठांपैकी सहा युरोपीय होते व दोघे आपल्याकडील डॉक्टर होते: एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. पक्षी, प्राणी, साप, फुलपाखरे, वनस्पती यांचे नमुने गोळा करावेत, एकमेकांना आपली निरीक्षणे सांगावीत आणि ती नियतकालिकात छापावीत, असा संस्थेचा परिपाठ होता. फोर्ट भागातील तिच्या कार्यालयात एक जिवंत महाधनेशही पाळलेला होता. विल्यम असे त्याचे नाव. १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, तो त्या कार्यालयात राहिला. आज संस्थेच्या बोधचिन्हावर जो धनेश दिसतो, तो याच विल्यमच्या स्मरणार्थ.

कागदात गुंडाळलेला एवढासा पक्षी घेऊन सलीम त्या इमारतीच्या दाराशी आला, तेव्हा त्याची छाती धडधडत होती. तो काळ परक्या राज्याचा होता. साहेबाच्या कचेरीत शिरायचे म्हणजे मोठमोठ्यांचेही पाय अडखळत; मग या पोराची काय कथा! परंतु आत गेल्यावर त्याला जे गृहस्थ भेटले, त्यांनी त्याची सगळी भीती क्षणात घालविली. त्यांचे नाव डब्ल्यू. एस. मिलार्ड. ते संस्थेचे मानद सचिव होते. झाडांचे त्यांना विलक्षण वेड असे. भारतातील सुंदर वृक्षांविषयी फादर ब्लॅटर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला.

मिलार्ड यांनी पक्षी पाहताच त्याचे नाव सांगितले. ती पिवळ्या गळ्याची चिमणी होती. मराठीत तिला पीतकंठी चिमणी अथवा रानचिमणी असे म्हणतात. परंतु केवळ नाव सांगून मिलार्ड थांबले नाहीत, आणि सलीमच्या आयुष्याला जे वळण लागले ते येथेच. ते त्याला पक्ष्यांच्या संग्रहाकडे घेऊन गेले आणि कपाटांचे खण एकामागून एक ओढून त्याला दाखवू लागले. खणाखणांत पक्षी मांडून ठेवलेले होते. कातडी सोलून, आत कापूस भरून, सुकवून ठेवलेल्या त्या पक्ष्यांपैकी प्रत्येकाच्या पायाला एकेक चिठ्ठी बांधलेली होती व तिच्यावर तो कोठे, केव्हा व कोणी मिळविला ते लिहिलेले होते. त्यांत मिलार्ड यांनी पीतकंठी चिमण्याही दाखविल्या. सलीमच्या हातातला पक्षी आणि खणातला पक्षी शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही.

हे ओळखणे कसे घडते, ते थोडे नीट पाहू या. घरात वावरणाऱ्या चिमणीच्या नराच्या गळ्याखाली काळा पट्टा असतो व पाठीवर काळसर रेघा असतात. रानचिमणीच्या पाठीवर अशा रेघा नसतात. तिचे अंग साध्या राखी तपकिरी रंगाचे असते. नराच्या खांद्यावर तांबूस पिंगट डाग असतो, पंखावर दोन पांढुरक्या पट्ट्या असतात आणि गळ्यावर तो पिवळा ठिपका असतो. मादीच्या गळ्यावर हा ठिपका नसतो किंवा अगदी फिका असतो. घरचिमणी माणसाच्या वस्तीला धरून राहते. रानचिमणी विरळ झाडी, माळ आणि शेतांच्या कडेचे वृक्ष पसंत करते व झाडाच्या ढोलीत घरटे करते. केवळ पिवळ्या ठिपक्यावर विसंबणारा मनुष्य मादी दिसताच फसेल. पाठ, खांदा, पंख, चोच, राहण्याची जागा या सर्वांचा मेळ घालावा, तेव्हाच नावाची खात्री होते.

त्या दिवसापासून सलीम संस्थेच्या कार्यालयात वरचेवर जाऊ लागला. मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांवरील पुस्तके वाचावयास दिली. तेथील अभिरक्षक नॉर्मन किनियर यांच्या देखरेखीखाली पक्ष्याची कातडी कशी काढावी, ती कशी टिकवावी, चिठ्ठीवर काय काय लिहावे, हे तो शिकला.

येथून पुढे त्याची वाट सरळ झाली असेल असे कोणाला वाटेल. पण तसे झाले नाही. तेराव्या वर्षापासून त्याला तीव्र डोकेदुखी जडली. शाळा वारंवार बुडे. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्याला काही काळ सिंधमध्ये पाठविण्यात आले. कशीबशी १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर कॉलेजातील पहिलेच वर्ष जड गेले आणि १९१४ साली तो ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात मदत करावयास गेला. त्या व्यवसायात त्याने फारसे काही कमाविले नाही. पण भोवतालची घनदाट अरण्ये मात्र मनसोक्त पालथी घातली. १९१७ साली तो मुंबईस परतला, व्यापारी शिक्षण घेऊ लागला आणि त्याच वेळी फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून सेंट झेवियरमध्ये प्राणिशास्त्रही शिकला. पुढच्याच वर्षी तहमीना यांच्याशी त्याचा विवाह झाला.

सलीम अली आता पक्षिशास्त्रात काम करण्यास सर्व प्रकारे सिद्ध होते. त्यांच्याजवळ नव्हती ती केवळ विद्यापीठाची पदवी. प्राणिशास्त्राच्या सरकारी सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. पण पदवी नाही या कारणास्तव ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभाग नव्याने उघडला होता. तेथे येणाऱ्या लोकांना माहिती सांगण्याचे काम त्यांना मिळाले. दोन वर्षे ते काम केल्यावर आपले ज्ञान अपुरे आहे असे त्यांना वाटू लागले. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकू लागले. श्ट्रेसेमान हे त्या काळचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. सलीम अलींनी आयुष्यभर त्यांना गुरू मानले. संग्रहातील मेलेल्या पक्ष्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जिवंत पक्ष्याच्या वागण्याकडे लक्ष द्यावे, ही दृष्टी तेथे पक्की झाली.

१९३० साली ते मायदेशी परतले, तो संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! पैशांची टंचाई, एवढेच कारण. वय चौतिशीकडे झुकलेले, हातात काम नाही, पदवी नाही, मुंबईतील राहणी परवडण्याजोगी नाही. दुसरा कोणी असता तर पक्ष्यांचा नाद सोडून एखाद्या पेढीवर कारकुनी करू लागला असता, आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. तहमीनाबाईंनी मात्र पतीला तसे करू दिले नाही. दोघांनी मुंबई सोडली व अलिबागजवळ समुद्रकाठी किहीम या गावी एका लहानशा घरात बिऱ्हाड केले. हा भाग त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात मोडे. आज त्या जिल्ह्याला रायगड असे नाव आहे.

पावसाळा सुरू झाला. किहीमच्या घराजवळील झाडांवर सुगरण पक्ष्यांनी वसाहत केली. बाभळीच्या अथवा माडाच्या शेंड्यांना लोंबकळणारी सुगरणीची घरटी खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेली असतात. शेकडो वर्षे लोक ती पाहत आले आहेत आणि त्यांचे कौतुक करीत आले आहेत. परंतु त्या घरट्याभोवती दिवसभरात नेमके काय घडते, ते आडोशाला बसून तासन्‌तास, दिवसामागून दिवस कोणी पाहिले होते? सलीम अलींना आता वेळच वेळ होता. ते पाहत बसले.

त्यांना असे आढळले की घरटे विणतो तो नर. आपल्या मराठी भाषेने सुगरण हे नाव देऊन त्या कारागिरीचे श्रेय मादीला देऊन टाकले आहे, ते तितकेसे बरोबर नाही! नर गवताच्या, भाताच्या पात्यांच्या लांब चिंध्या काढून आणतो आणि अर्धे घरटे विणतो. ते टोपासारखे दिसू लागले की माद्यांची टोळी येते. एकेक मादी घरट्यात शिरून आतून बाहेरून तपासणी करते. घरटे पसंत पडले नाही, तर ती सरळ निघून जाते. पसंत पडले, तर त्या घरट्याच्या धन्याशी तिचा संसार जमतो. नर उरलेले घरटे पुरे करतो, खाली नळीसारखे दार काढतो आणि मादी आत अंडी घालते. यानंतरची गोष्ट तर कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. पहिली मादी अंड्यांवर बसली की नर शेजारीच दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. अशा रीतीने एका हंगामात तो एकामागून एक संसार मांडतो. १९३१ साली हे सर्व संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष या बेकार मनुष्याकडे वेधले गेले. जो पक्षी प्रत्येकाने ओळखलेला होता, त्याच्याविषयी केवढे अज्ञान होते, हे त्या लेखाने दिसून आले.

त्यानंतर सलीम अलींनी एक युक्ती काढली. देशातील अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी तोवर झालेली नव्हती. आपण ती पाहणी वेतन न घेता करून देतो; संस्थानिकांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च तेवढा सोसावा, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतून त्यांनी रानोमाळ भटकंती केली. तहमीनाबाई त्यांच्या बरोबर तंबूत राहत आणि मुक्कामाची सारी व्यवस्था पाहत. शहरी सुखात वाढलेल्या त्या बाईंनी हे कष्ट हौसेने सोसले. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकस्मात मृत्यू झाला. सलीम अलींचे जीवन एकाकी झाले. पुढे ते बहीण व मेहुणे यांच्याकडे राहिले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

त्यांच्या अभ्यासात एक गुण ठळकपणे दिसे. नाव मोठे म्हणून कोणाचे मत ते मान्य करीत नसत. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीच्या लांब पिसांविषयी इंग्रज पक्षितज्ज्ञ ह्यू व्हिस्लर यांनी केलेले एक विधान सलीम अलींना चुकीचे वाटले. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. एक अपरिचित हिंदी मनुष्य आपली चूक दाखवितो, याचा व्हिस्लर यांना प्रथम राग आला. परंतु त्यांनी आपल्याजवळचे नमुने पुन्हा तपासले आणि चूक मोकळेपणाने कबूल केली. पुढे दोघे जिवलग मित्र झाले. संस्थानांच्या पाहणीत मिळालेल्या पक्ष्यांवरील लेखनात व्हिस्लर यांचे त्यांना मोठेच साहाय्य झाले. मला तरी या प्रसंगात दोघेही सारखेच थोर वाटतात.

१९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. तोपर्यंत पक्ष्यांवरील ग्रंथ जाणत्यांसाठी लिहिलेले असत. रानात एखादा अनोळखी पक्षी क्षणभर दिसला आणि उडून गेला, तर त्या जाडजूड ग्रंथांत त्याला कोठे शोधावे, हेच नवख्याला कळत नसे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे पान काढावयाचे तरी कसे? सलीम अलींनी ही अडचण ओळखली. लहानपणी हातात पक्षी धरून ती त्यांनी स्वतः अनुभविली होती.

म्हणून त्यांनी प्रत्येक पक्ष्याचे आकारमान इंचांत मोजून सांगण्याआधी ओळखीच्या पक्ष्याशी ताडून सांगितले. हा चिमणीएवढा, हा चिमणीहून थोडा मोठा. हा बुलबुलाएवढा, हा साळुंकीएवढा, हा कावळ्याहून लहान, हा घारीएवढा. पट्टी घेऊन पक्ष्यामागे कोण धावणार? परंतु चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा ही मापे प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली असतात. आकार ठरला की मग चोच पाहावयाची. धान्य टिपणाऱ्याची चोच आखूड व जाड असते. फुलांतील मध शोषणाऱ्याची बारीक व वाकडी असते. मासे पकडणाऱ्या खंड्याची लांब व टोकदार असते. मग शेपूट: लांब की आखूड, टोकाला दुभंगलेली की सरळ, धोबी पक्ष्यासारखी सतत खालीवर हलणारी की दयाळासारखी ताठ उभी. रंग सर्वांच्या नजरेत आधी भरतो. पण ऊन, सावली आणि अंतर यांनी तो फसवितो. त्यासाठी तो अंगाच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे, हे पाहावे लागते. शिवाय पक्षी पाण्याकाठी होता की माळावर, जमिनीवर चालत होता की टुणटुण उड्या मारीत होता, एकटा होता की थव्यात, महिना कोणता होता, आवाज कसा होता, ही सारी माहिती उपयोगी पडते. आणि हे सर्व जागच्या जागी वहीत उतरविले पाहिजे. घरी येईपर्यंत स्मरणशक्ती मनाजोगे रंग भरू लागते.

या पुस्तकाने देशातील हजारो लोकांना पक्षी ओळखावयास शिकविले. त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिल्या. पुढे अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील सर्व पक्ष्यांचा जो महाग्रंथ लिहिला, त्याचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. दहावा खंड निघाला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते.

सलीम अली हे काही रुक्ष विद्वान नव्हते. त्यांना मोटारसायकलींचे भारी वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ते आपली मोटारसायकल बोटीतून युरोपात घेऊन गेले. तिच्यावर स्वार होऊन ते परिषदेच्या ठिकाणी अवतरले. हा गृहस्थ हिंदुस्थानपासून तिच्यावरूनच आला, अशी तेथे वदंता उठली!

आता बंदुकीविषयी. चिमण्या मारणारा हा मुलगा पुढे पक्ष्यांचा रक्षक झाला, हे खरे. पण त्याने एके दिवशी बंदूक फेकून दिली, असे मात्र कोणी समजू नये. शास्त्रीय अभ्यासासाठी मोजके नमुने मिळवावे लागतात, असे त्यांचे मत होते, आणि तसे नमुने त्यांनी अनेक वर्षे मिळविले. त्या काळी पक्ष्यांच्या जातींतील सूक्ष्म भेद निश्चित करण्यास दुसरा मार्ग फारसा उपलब्ध नव्हता. हौसेखातर केलेल्या संहाराचा मात्र त्यांना तिटकारा वाटे. राजस्थानात भरतपूर येथे एक विस्तीर्ण पाणथळ आहे. तेथे हिवाळ्यात दूरदूरच्या प्रदेशांतून बदके येतात. संस्थानी अमलात तेथे बदकांच्या शिकारीचे सोहळे होत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील दगडावर कोरलेला आहे. योगायोग असा की त्याच दिवशी सलीम अलींनी बेचाळीस वर्षे पुरी केली. स्वातंत्र्यानंतर हे पाणथळ कोरडे करून शेतीला द्यावे अशी मागणी होऊ लागली, तेव्हा ते वाचविण्यासाठी सलीम अलींनी आपले सारे वजन खर्च केले. पक्षी पकडून, पायात क्रमांक असलेले हलके कडे अडकवून, त्यांना पुन्हा सोडून देण्याचे संस्थेचे काम तेथे मोठ्या प्रमाणावर चालले. एक कडेवाला पक्षी दूर देशी सापडला, की त्याच्या प्रवासाचा पत्ता लागतो. त्यासाठी त्याला मारावे लागत नाही. भरतपूरचे ते केवलादेव अभयारण्य पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडू नये, म्हणूनही त्यांनी उतारवयात आवाज उठविला, आणि ते अरण्य वाचले.

भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी दिलेले नाव त्या छऱ्याने पडलेल्या चिमणीवरूनच सुचलेले आहे. २० जून १९८७ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. महाराष्ट्र शासनाने २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे ठरविले. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा.

त्यांच्या आयुष्यात एक शोध मात्र अपुरा राहिला. हिमालयात मसुरी व नैनिताल यांच्या आसपासच्या उंच गवताळ उतारांवर एकेकाळी पहाडी लावा नावाचा पक्षी राहत असे. नर काळसर राखी रंगाचा, कपाळ पांढरे, चोच व पाय तांबडे. १८७६ नंतर तो कोणालाही खात्रीपूर्वक दिसलेला नाही. जगातील संग्रहालयांच्या खणांत त्याच्या थोड्याशा कातड्या तेवढ्या जपून ठेवलेल्या आहेत. सलीम अलींनी त्या उतारांवर जाऊन त्याचा कसून शोध घेतला, पण तो सापडला नाही. तो कायमचा नष्ट झाला, असेही अद्याप कोणी ठामपणे म्हणत नाही. कारण हा पक्षी दाट गवतात दडून राहणारा आणि पायाशी आल्यावाचून न उडणारा आहे. पक्षिनिरीक्षक अजूनही तेथे जातात आणि गवतातून वाट काढीत त्याला शोधतात.